विंचवाचे बिऱ्हाड

सह्याद्रीवरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा जेथे सपाटीला लागतात आणि अरबी समुद्राची भरती खाडीवाटे जेथवर चढून येते, त्या दोहोंच्या सांध्यावर महाडचा कसबा वसलेला आहे. आणि सांध्यावरच्या गावांच्या वाट्याला जी वर्दळ व जे भोग येतात, ते दोन्ही त्याने पोटभर अनुभवले आहेत. सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठच्या या प्राचीन बंदराने गांधारपाल्याच्या डोंगरात लेणी कोरविणारे बौद्ध उपासक पाहिले, घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल गलबतांत चढताना पाहिला, रायगडावर राजधानी नांदताना पाहिली व तिची राख होतानाही पाहिली. आणि १७९६ साली पुण्याच्या कारस्थानांतून निसटून आलेल्या नाना फडणिसांनी येथे मुक्काम ठोकून दुसऱ्या बाजीरावाच्या पेशवाईचा जो करार घडवून आणला, तोही महाडच्याच नावाने इतिहासात रुजू झाला. घाटाच्या दिशेने पुढे सरकले म्हणजे आंबेनळीच्या पायथ्याशी पोलादपूर लागते. शिवभारताचा कर्ता कवींद्र परमानंद याची समाधी तेथे आहे, आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ त्याच तालुक्यात आहे. या साऱ्या गोष्टी बखरींत, गॅझेटियरांत आणि जमाबंदीच्या दप्तरांत नोंदलेल्या आहेत. तथापि या मुलखाचा एक रहिवासी असा आहे, की जो या सर्वांच्या आधीपासून येथे नांदत असूनही दप्तरात फार उशिरा दाखल झाला, आणि त्याची नोंद नीट होईपर्यंत त्याच्यापायी किती माणसे दगावली याची मोजदाद कोणापाशीच नाही. तो रहिवासी म्हणजे तांबडा विंचू.

डोंगरउतारावरचे दगडी गडगे, राब भाजण्यासाठी तोडून ठेवलेले कवळ, गोठ्याच्या माळ्यावर रचलेला पेंढा, कौलांच्या फटी आणि पडवीतली लाकडांची रास, ही जी कुणब्याच्या संसाराची नित्याची मांडणी, तीच विंचवाच्याही संसाराची. उन्हाळा तापू लागला म्हणजे, वळवाच्या सरींनी बिळांत पाणी शिरले म्हणजे, आणि पुढे भातकापणीच्या दिवसांत पेंढ्यांची उचलठेव सुरू झाली म्हणजे, अनवाणी पावलाची आणि पेंढ्यात घातलेल्या हाताची त्याच्याशी गाठ पडे. म्हणून पेंढ्यात हात घालण्याआधी तो काठीने हलवून पाहावा, हा धडा या बाजूच्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी मिळत असे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण फिरस्त्या माणसाविषयी सहजगत्या वापरतो. परंतु ती ज्याने प्रथम उच्चारली त्याने विंचवाची मादी डोळे उघडे ठेवून पाहिली असली पाहिजे, कारण ती अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते, आणि पहिली कात टाकीपर्यंत ती पिले आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून राहतात. तेव्हा निरीक्षण लोकांपाशी होते. नव्हती ती नोंद.

निरीक्षण आणि नोंद यांतील हे अंतर कोणी भरून काढले नव्हते, म्हणून तेथे मांत्रिकाची गादी निर्वेध चालली. विंचू 'चढतो' आणि जाणता माणूस तो 'उतरवतो', ही कल्पना महाराष्ट्रभर रूढ होती, तशी सावित्रीच्या खोऱ्यातही होती. दंश झालेल्या हाताच्या खांद्यापासून बोटाकडे पाल्याने झाडीत, मंत्र पुटपुटत, वेदना पेरापेराने खाली आणीत तो बसे, आणि पुष्कळदा तास-दोन तासांत रोगी खरोखरच उठून घरी जाई. या मांत्रिकास भोंदू म्हणून निकालात काढणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. अनेक ठिकाणी तो पैशाला शिवत नसे, आणि मध्यरात्री हाक आली तरी कंदील घेऊन निघत असे. त्याचे यश खरे होते, मात्र त्या यशाचे कारण तो समजत होता ते नव्हते. दिसायला भयंकर असणाऱ्या मोठ्या काळ्या विंचवाचा दंश आग पेटवितो आणि आपोआप शमतो. तांबड्या विंचवाच्या दंशांतही पुष्कळांची व्यथा दंशाच्या जागेपुरतीच राहते. आणि जे आपोआप बरे व्हावयाचे होते, ते सर्व मंत्राच्या खात्यावर जमा होत गेले. ज्याचे हातपाय गार पडले, अंग घामाने निथळू लागले, उलट्या झाल्या, दम लागून तोंडाला तांबूस फेस आला आणि पहाटेच्या आत जो गेला, त्याच्याविषयी 'त्याची वेळच भरली होती' असे म्हणण्यात येई. असा हा जमाखर्च होता, की ज्यात जमेचे पान प्रतिदिनी भरले जात होते आणि खर्चाचे पान वहीत बांधलेलेच नव्हते.

शास्त्राच्या दप्तरात हा प्राणी प्रथम दाखल झाला तो नावाने. डॅनिश प्रकृतिशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७९८ साली त्याचे वर्णन करून जातीला 'टॅमुलस' हे नाव दिले. आणि १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिजीवनावरील ग्रंथमालेत कोळी-विंचवांचा खंड लिहिताना रेजिनाल्ड पोकॉक याने या जातीचे प्रदेशपरत्वे जे उपभेद पाडले, त्यांतल्या एकास 'कोंकनेन्सिस' असे कोकणाचेच नाव लावले. ब्यूथस, मेसोब्यूथस आणि आता हॉटेंटोटा अशी त्याची कुळे पुढे विद्वानांनी वेळोवेळी फिरविली, पण 'टॅमुलस' हे नाव कायम राहिले. नाव मिळाले म्हणजे ज्ञान मिळाले असे होत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर खातेदाराचे नाव चढले म्हणून त्याच्या मनातले कळते थोडेच! तथापि नावाने एक सोय झाली: महाडचा विंचू आणि इस्रायलातल्या बेअरशेबाचा विंचू यांविषयी बोलताना आपण एकाच प्राण्याविषयी बोलत आहो की दोन, हे निश्चित सांगता येऊ लागले.

याच सुमारास मुंबईत जीवविज्ञानाची एक पेढी उभी राहत होती. १८९६ च्या प्लेगाने शहर उजाड होऊ लागले तेव्हा सरकारने बोलाविलेल्या वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत प्लेगाची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. सर्पविष व विंचूविष यांवरील प्रतिविषाची विद्या पुढे याच परंपरेत वाढली. साथ आली, माणसे मेली, सरकार हादरले आणि प्रयोगशाळा निघाली, असा हा क्रम होता. डोंगरातल्या वाड्यांवर एकेकटी मरणारी माणसे मात्र कोणत्याही सरकारला हादरविण्याइतकी एका दिवशी, एका ठिकाणी, कधीच मरत नसत. आणि म्हणून विंचवाचा प्रश्न परळच्या दारापर्यंत पोहोचायला आणखी पाऊण शतक लागावयाचे होते.

निरीक्षणाला नोंदीची शिस्त लावणाऱ्या डॉक्टरेट नावाच्या रूढीविषयी येथे थोडे लिहिणे प्राप्त आहे. ही पदवी मुळात युरोपच्या मध्ययुगीन विद्यापीठांतली अध्यापनाची सनद. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांनी तिला निराळे वळण दिले, आणि अमुक विषय शिकला एवढ्याने भागेना. आजवर कोणाला ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट शोधून, ती पुराव्यानिशी लिहून, जाणत्यांच्या उलटतपासणीला उभे राहिले पाहिजे, असा दंडक पडला. मार्गदर्शक, प्रबंध, बाहेरचे परीक्षक आणि मौखिक परीक्षा, हा जो आजचा थाट आहे तो या दंडकाचाच विस्तार होय. नीट पाहिले असता, ही रूढींच्या विरुद्ध उभारलेली एक रूढी आहे: 'पूर्वापार असेच चालत आले आहे' हे उत्तर तेथे चालत नाही.

आणि नेमके हेच उत्तर चालणार नाही असे ज्या गावात निक्षून सांगितले गेले, ते गाव महाड होय, हा योगायोग लहान नाही. मुंबई कायदेकौन्सिलात १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही तो हुकूम कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्याच्या पाण्याला हात लावला. त्याच वर्षी ते दुसऱ्या परिषदेसाठी दासगाव बंदरात उतरून महाडास आले, आणि २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन तारखांच्या दरम्यान ८ जून १९२७ ही तिसरी तारीख आहे, आणि तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. लंडनची डी.एस्सी. १९२३ सालीच मिळविलेल्या बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठाने त्या दिवशी पीएच.डी.ची पदवी प्रदान केली. अभ्यास संपून दशक लोटले होते. परंतु प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्यावाचून पदवी द्यावयाची नाही, असा तेथील शिरस्ता होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील तो ग्रंथ छापून निघाला १९२५ साली. प्रांतांच्या जमाखर्चाची जुनी दप्तरे उपसून त्यांतून प्रमेय काढणारा हा पंडित महाडच्या प्रकरणातही दप्तराच्याच मार्गाने गेला. सवर्णांनी लावलेला तळ्याचा दावा दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने वादींच्या विरुद्ध निकाल दिला, तो मुख्यतः या मुद्द्यावर, की अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची जी रूढी ते अनादि म्हणून सांगत होते तिचे अनादित्व त्यांना शाबीत करता आले नाही. प्रबंधाच्या परीक्षकाने नापास करावे तशी ती रूढी पुराव्याअभावी नापास झाली.

महाड तालुक्याचे या विद्येशी आणखी एक नाते आहे. रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून, मॅट्रिकला विद्यापीठात पहिला आलेला हा मुलगा केंब्रिजला गेला, तो काव्यशास्त्र शिकायला नव्हे; निसर्गविज्ञानाचा ट्रायपॉस त्याने वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन पूर्ण केला, आणि १९१७ साली वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकाविले. काळच असा होता, की वनस्पतिशास्त्रात चमकलेल्या हिंदी तरुणाची वाट प्रयोगशाळेकडे न जाता आय.सी.एस.च्या कचेरीकडे जात असे. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे पद निराळेच आहे. १९५६ साली कायद्याने अधिष्ठित झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. आज खेड्यातला जो विद्यार्थी 'जेआरएफ लागली' असे सांगत घरी पेढे आणतो, त्याची ती पाठ्यवृत्ती याच आयोगाच्या झाडाला पुढे आलेले फळ आहे. जो स्वतः प्रयोगशाळेत राहू शकला नाही, त्याच्या हातून इतरांना तेथे राहता यावे अशी तजवीज झाली.

प्रयोगशाळेतच राहण्याचा हट्ट धरून तो तडीस नेला तो एका मराठी स्त्रीने. कमलाबाई भागवत, पुढे सोहोनी, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन १९३३ साली बंगलोरच्या टाटा संस्थेत जीवरसायन शिकण्यास गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांचा अर्ज सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नामंजूर केला. त्या हटल्या नाहीत, आणि एक वर्ष उमेदवारीवर ठेवण्याच्या अपमानास्पद अटीवर का होईना, त्यांना प्रवेश देणे रामन यांना भाग पडले. तेथून त्या केंब्रिजला गेल्या, श्वसनाच्या रासायनिक साखळीत कामी येणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते हे त्यांनी दाखवून दिले, आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता सुमारे चाळीस पानांचा. ज्यांना प्रबंधाची योग्यता वजनाने ठरविण्याची सवय आहे त्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये व नीरा यांवर, म्हणजे गरिबाच्या अन्नावर, विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे काम करविले, आणि अखेरीस त्याच संस्थेच्या संचालिका झाल्या. त्यांच्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांचे डॉक्टरेटचे काम अपुरे राहिले, आणि तरीही त्यांच्या विद्वत्तेविषयी महाराष्ट्राला कधी शंका आली नाही. एकाच घरातली ही दोन उदाहरणे पदवीचे मोल आणि पदवीची मर्यादा दोन्ही सांगून जातात.

आता पुन्हा विंचवाकडे वळू. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरून येण्याच्या विकाराविषयी लिहिले, आणि मृत्यूचे कारण 'वेळ भरणे' याहून काही निराळे असू शकते याची नोंद झाली. पण उपाय हाती नव्हता. १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातून, अत्यंत हलाखीतून ते शिकले होते. रात्री-अपरात्री डोलीतून, बैलगाडीतून, पाठुंगळीला मारून आणलेले रोगी, घामाने डबडबलेली पोरे, आणि ॲट्रोपिन, स्टिरॉइड व 'लिटिक कॉकटेल' या पुस्तकी उपायांनी न टळणारे मृत्यू, हे पाहून त्यांनी जे केले ते ऐकायला साधे आहे: ते रोग्याच्या खाटेशी बसून राहिले आणि लिहीत गेले. उलटी केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, नाडी काय, रक्तदाब आधी किती चढला व मग किती उतरला, हातपाय केव्हा गार पडले, आणि कोण गेला, कोण वाचला. मांत्रिकाच्या वहीत जे पान बांधलेलेच नव्हते ते बिरवाडीत प्रथम बांधले गेले.

त्या नोंदींतून निघालेला तांबड्या विंचवाच्या दंशातील हृदयविकाराच्या पूर्वचिन्हांविषयीचा निबंध १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनविषयीचे त्यांचे लेखन आले. प्राझोसिन ही काही नवी संजीवनी नव्हती. वाढलेल्या रक्तदाबावर दिली जाणारी ती एक स्वस्त गोळी होती. गंभीर रोग्यांपैकी शंभरांत पंचवीस-तीस दगावण्याचे जे प्रमाण पूर्वी होते, ते या गोळीचा वापर रूढ झाल्यावर चारांच्या आत आले. २०२२ साली भारत सरकारने बावस्करांना पद्मश्री दिली. हे काम कोणत्याही विद्यापीठात प्रबंध म्हणून नोंदविलेले नव्हते. त्याला मार्गदर्शक नव्हता, पाठ्यवृत्ती नव्हती, ग्रंथालयही नव्हते. पण जर्मन विद्यापीठांनी घालून दिलेला तो दंडक, की कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट शोधावी, पुराव्यानिशी लिहावी आणि जाणत्यांच्या उलटतपासणीला उभे राहावे, तो येथे अक्षरशः पाळला गेला.

गोळी लागू का पडली, या प्रश्नाचे उत्तर मात्र खाटेशी बसून मिळणारे नव्हते. त्यासाठी रेणूंच्या जगात उतरणे भाग होते. मज्जापेशीच्या आवरणात विद्युद्भारित कणांना ये-जा करू देणारी सूक्ष्म दारे असतात: सोडियमचे दार उघडले म्हणजे संदेश सुटतो, आणि ते मिटून पोटॅशियमचे दार उघडले म्हणजे पेशी शांत होते. विंचवाच्या विषातील काही प्रथिने सोडियमचे दार मिटू देत नाहीत, तर काही पोटॅशियमच्या दारात पाचरीसारखी अडकून बसतात. परिणामी मज्जातंतू थांबत नाहीत, ॲड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो, आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन या पुराला थोपवीत नाही. तो पूर रक्तवाहिन्यांच्या ज्या ग्राहींवर जाऊन आदळतो त्या ग्राही ते झाकून टाकते. हे ज्ञान निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या हातांनी गोळा झाले. १९८१ साली छटवाल व हाबरमान यांनी या विंचवाच्या विषातील घटक वेगळे करून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी याच जातीच्या विषातून 'आयबेरिओटॉक्सिन' नावाचे प्रथिन शुद्ध स्वरूपात काढले. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची ती माळ, आणि तीन ठिकाणी गंधकाच्या टाक्यांनी शिवलेली. कॅल्शियमच्या इशाऱ्यावर उघडणारे पोटॅशियमचे जे एक मोठे दार असते, तेवढेच ती नेमके अडविते, इतर दारांना शिवतही नाही. इतका चोखंदळ रेणू हाती लागताच त्याचे हत्यार झाले: रक्तवाहिनी, श्वासनलिका किंवा मेंदू यांतील त्या दाराचे काम काय, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने आयबेरिओटॉक्सिन घालून ते दार बंद करावे आणि काय बिघडते ते पाहावे. गडग्याखालच्या प्राण्याचे विष असे जगभरच्या प्रबंधांतील 'साहित्य व पद्धती' या प्रकरणात जाऊन बसले.

आणि २०११ साली महाडहून आणखी एक नोंद बाहेर गेली. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रोग्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन दिले, उरलेल्या ३५ जणांना प्राझोसिनबरोबर विंचूविषाचे प्रतिविषही दिले. दहा तासांनी पाहता, पहिल्या गटात ८ जण पूर्णतः लक्षणमुक्त झाले होते, आणि दुसऱ्या गटात ३२. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हा निबंध छापला. मला त्यातले मोठे वाटते ते ३२ या आकड्यापेक्षा ८ या आकड्याचे धैर्य. ज्या गोळीने या दांपत्याला कीर्ती दिली, त्याच गोळीला त्यांनी तराजूच्या एका पारड्यात बसविले आणि ती दुसऱ्या उपायाहून हलकी भरते असे स्वतःच्या सहीने लिहून दिले. मांत्रिकाने आपला मंत्र असा कधी जोखला नव्हता. आणि मंत्र व औषध यांतील भेद द्रव्यात असेल त्याहून अधिक या जोखण्यात आहे.

महाड-पोलादपूरच्या मुलामुलींना ही विद्या पूर्वी परदेशाइतकीच दूर होती. साठीच्या दशकाच्या आरंभी लोकशिक्षणाच्या हेतूने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाडास बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय काढले. १९८९ साली शेजारच्या माणगाव तालुक्यात लोणेरे येथे त्यांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आले. बिरवाडीच्या आसमंतात औद्योगिक वसाहत होऊन औषधांचे व रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि बी.एस्सी. झालेल्या मुलाला गावाजवळच 'क्यूसी'त, म्हणजे मालाच्या गुणवत्ता-तपासणीत, नोकरी मिळू लागली. तरीही ज्याला रेणवीय जीवशास्त्रात डॉक्टरेट करावयाची आहे, त्याला बिऱ्हाड पाठीवर घ्यावेच लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला, तेव्हापासून मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगलोर अशी या विद्येची पेठ पसरत गेली आहे, आणि एस.टी.च्या टपावर ट्रंक टाकून निघालेला विद्यार्थी एम.एस्सी., नेट, मुलाखत, गाईड, रजिस्ट्रेशन, सिनॉप्सिस अशी ठाणी ओलांडीत पाच-सहा वर्षांनी व्हायवापर्यंत पोहोचतो. या वर्षांत काय केले असे घरच्यांनी विचारले तर त्याला धड सांगता येत नाही, कारण बहुतेक वेळ काही न लागण्यातच गेलेला असतो. आज जेलमध्ये पट्टा दिसला नाही, उद्या पेशींना बुरशी लागली, परवा वेस्टर्न पुन्हा कोरा आला. आणि गावी सोयरे मंडळी विचारीत राहतात, की पोराचे शिक्षण संपते तरी केव्हा.

परंतु त्या प्रयोगशाळेत एक वही असते, आणि तिचा कायदा कडक असतो. पाने क्रमांकित, शाईने लिहिलेली, प्रत्येक पानावर तारीख; चुकलेले खोडावयाचे ते वाचता येईल असे; फसलेल्या प्रयोगाचे पान फाडावयाचे नाही; आणि विद्यार्थी काम संपवून गेला तरी वही प्रयोगशाळेतच ठेवून जावयाचे. डॉक्टरेटच्या सगळ्या उपचारांत मला ही वही सर्वांत पूज्य वाटते. पदवीदानाचा झगा एका दुपारपुरता, नावाआधीचे अक्षर पाटीपुरते. वहीत मात्र तो जमाखर्च असतो, ज्यात खर्चाचे पान पहिल्या दिवसापासून बांधलेले आहे. चवदार तळ्याच्या दाव्यात रूढीकडे जे मागितले गेले आणि तिला देता आले नाही, आणि बिरवाडीच्या खाटेशी बसून जे लिहिले गेले, तेच या वहीत रोज संध्याकाळी लिहावे लागते.

पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरची मुलगी अशा प्रयोगशाळेत बसून आयबेरिओटॉक्सिनची कुपी उघडील, तेव्हा तिच्या माहितीपत्रकावर मूळ प्राण्याचे लॅटिन नाव तिला दिसेल, आणि पंचवीस-तीस सूक्ष्मग्रॅम भुकटीसाठी मोजलेली किंमत ऐकून तिच्या आईचा विश्वास बसणार नाही. मार्गदर्शक तिला सांगतील, की आधी विष न घातलेल्या पेशींवर तोच प्रयोग करून पाहा, मग विष घाल, आणि गृहीत काहीही धरू नकोस. ती मान हलवील. पेंढ्यात हात घालण्याआधी तो काठीने हलवून पाहावा, हे तिला घरूनच ठाऊक आहे.